अनेक केंद्रांवरची दर मिनिटाची निरीक्षणं एचडीएफ५ (मोठी वैज्ञानिक आकडेवारी साठवायचा फाइल-प्रकार) फाइलमध्ये ठेवायची आहेत. तारखेनुसार ग्रुप (फाइलच्या आतले फोल्डरसारखे कप्पे) करावेत की उपकरणानुसार?

उपकरणानुसार करा: केंद्र, त्याखाली उपकरण, त्याखाली मोजलेली राशी. तारखेला मात्र ग्रुप देऊ नका. वेळ ही ॲरेची (आकड्यांच्या मांडणीची) एक मिती असू द्या. रोजचा एक ग्रुप केला तर १० वर्षांत एकेका उपकरणाखाली साडेतीन हजारांहून जास्त ग्रुप साठतात, आणि साधा वार्षिक आलेख काढायचा म्हटलं तरी ३६५ डेटासेट (म्हणजे फाइलमध्ये साठवलेले ॲरे) उघडून जोडावे लागतात. त्याऐवजी वेळेच्या दिशेने वाढणारा एकच डेटासेट ठेवा. असा डेटासेट एचडीएफ५ मध्ये चंक (ठरावीक आकाराचे तुकडे) पाडूनच साठवावा लागतो. ते सोयीचंच आहे, कारण हवा तेवढा कालखंड वाचताना फक्त त्याला लागणारे चंक डिस्कवरून उचलले जातात. हवामान आणि सागरविज्ञानात रुळलेला नेटसीडीएफ-४ हा प्रकार याच एचडीएफ५ वर उभा आहे, आणि तिथेही वेळ ही सहसा अमर्याद वाढणारी मिती असते.

प्रत्येक डेटासेटला हे ॲट्रिब्यूट (वर्णनाच्या छोट्या नोंदी) जोडा:
- एकक
- नोंद नसल्याची खूण (शून्य नको, शून्य हे खरं मोजमापही असतं)
- कॅलिब्रेशनची तारीख

वरच्या ग्रुपवर लिहिलेले ॲट्रिब्यूट खालच्या डेटासेटला आपोआप लागू होत नाहीत. इथे बरेच जण फसतात.

तुमचे प्रश्न मुख्यतः आडवे असतील, म्हणजे ‘त्या दिवशी कुठल्या केंद्रांवर तापमान ४० अंशांवर गेलं’ असे, तर मात्र ही उतरंड आडवी येईल. तेव्हा केंद्र ही सुद्धा ॲरेची मिती करा किंवा सरळ रिलेशनल (एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा) डेटाबेस वापरा.