सासूबाईंचे तीन मागी

ऐरोलीहून एका सुनेचं पत्र आलंय. दोन वर्षं ती थिऑलॉजीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, ऑनलाइन कोर्स करतेय. नाताळाआधीच्या प्रार्थनासभेत बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, म्हणजे मागींना, सासूबाई ‘तीन मागी लोक’ म्हणाल्या. हिने सगळ्यांसमोर दुरुस्त केलं : ही गोष्ट ज्याच्या शुभवर्तमानात आहे तो मत्तय संख्या सांगतच नाही. तेव्हापासून सासूबाई सभेत मोठ्याने प्रार्थना करत नाहीत. ती लिहिते, ‘मी चुकीचं काही बोलले नाही. पण हल्ली प्रार्थनेला बसले की आत काही हलतच नाही. चौथी शिकलेल्या सासूबाई खालच्या मजल्यावरच्या अर्धांगवायू झालेल्या आजींना रोज पेज भरवतात, हनुवटीवर ओघळलेली पदराने टिपतात. ताई, देवाला ओळखतं कोण, त्या की मी?’

अगं, तुझं पत्र मनात घेऊन काल तलावपाळीला दोन फेऱ्या जास्तच झाल्या. तू बरोबरच होतीस. मत्तयाने भेटवस्तू तीन सांगितल्या, माणसं मोजली नाहीत. पण बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय पुन्हा उघड. तिथेही बरोबर असलेलीच माणसं आहेत. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिला नैवेद्य दाखवलेलं मांस खाल्लं तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. पौल ते खोडत नाही. तो विचारतो, तुझ्या या ज्ञानापायी त्या दुबळ्या मनाच्या भावाचं काय झालं? ‘ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते.’ आणि लगेच पुढे, देवावर प्रीती करणाऱ्याबद्दल बोलताना, ‘तो देवाला ओळखतो’ अशी आपली अपेक्षा असते. पौल लिहितो, त्याला देव ओळखतो. इथे मी दर वेळी थांबते.

म्हणून अभ्यास सोडू नकोस. जे मुळीच ठाऊक नाही त्यावर प्रीती जडत नाही, हे संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताने फार पूर्वी सांगितलंय. सासूबाईंनाही लहानपणी कुणीतरी येशूची गोष्ट सांगितलीच असणार. पण १२७४ साली वारलेला धर्मपंडित थॉमस अक्वायनस, बुद्धीचा एवढा मान राखणारा, तोही म्हणतो की या जन्मी देवाला जाणण्यापेक्षा त्याच्यावर प्रीती करणं थोर. जाणताना आपण देवाला आपल्या बुद्धीच्या मापात बसवतो. प्रीती करताना आपणच त्याच्याकडे निघतो. आणि ही प्रीती बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात योहान कुठे तपासतो? डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर.

प्रार्थना कोरडी झाली ती वाचनाने, असं मला वाटत नाही. ज्या मत्तयाचा दाखला तू दिलास, त्याच्याच पाचव्या अध्यायात आहे : वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. तुला ते आठवतंय, म्हणून तर पत्र लिहिलंस.

आज रात्री ओटा आवरताना म्हण, ‘आई, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं.’ पुढे ‘पण’ जोडू नकोस. मागी किती होते ते तर काढूच नकोस. रविवारी पेजेचं पातेलं तू उचल. चमचा त्यांच्याच हातात राहू दे. तू शेजारी बसून ऐक, भरवताना त्या आजींशी काय बोलतात ते.