वेजवुडचं पहिलं मेडॅलियन घेताना

वेजवुड या इंग्लिश कारखान्याचं मेडॅलियन म्हणजे भाजलेल्या मातीची, उठावदार चेहरा असलेली छोटी चकती. त्यावर फ्रँकलिन असो की न्यूटन, चेहरा पाहायच्या आधी ती पालथी करा. वेजवुडचा ठसा मातीत दाबलेला असतो. ‘वेजवुड अँड बेंटली’ हा ठसा १७६९ ते १७८० च्या भागीदारीचा; ‘इंग्लंड’ही असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा. ‘Wedgwood’ या स्पेलिंगमध्ये ‘जी’नंतर जादा ‘ई’ दिसला, तर ते या कारखान्याचं नव्हेच. फ्रेममुळे पाठ दिसत नसेल तर विकणाऱ्याकडून फोटो मागा. कां-कूं केली तर सोडून द्या, घाई कसली?

मग बॅटरी कडेनं धरून भिंगातून केसांच्या बटा आणि कॉलरची कड बघा. नवखे फसतात ते इथेच. तयार मेडॅलियनवरून साचा काढून केलेली नक्कल भाजताना आकसते. ती मुळापेक्षा थोडी लहान आणि बोथट निघते. म्हणून पट्टी खिशात हवी. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर मापं मिळतात, ताडून बघा.

धुताना:
- कोमट पाणी, मऊ ब्रश, थेंबभर सौम्य साबण
- ब्लीच, तेल अजिबात नको
- लाकडी फ्रेमला पाणी लावू नका

कोणता चेहरा कोणत्या शिल्पकाराचा, हा अभ्यास सध्या राहू द्या. आधी दहा-बारा नग हाताळा.