पोपने मदर तेरेसांना खरंच गाडी दिली होती का?

तुम्ही विचारलंय की पोप सहावे पॉल यांनी मदर तेरेसांना मोटार दिल्याची गोष्ट खरी आहे का, आणि गरिबांची सेवा करणाऱ्या सिस्टर लोकांचं पोपशी असलेलं नातं आशीर्वादापलीकडे काही असतं का.

गोष्ट खरी आहे. ती गाडी आमच्या मुंबईच्या रस्त्यांवरूनच फिरली होती. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी, पोप मुंबईत आले, २ तारखेला उतरले आणि ५ तारखेला परतले. मी वसईची. माझी आजी तेव्हा गावातल्या बायकांबरोबर पहाटेच्या गाडीने मुंबईला गेली होती. गर्दीत तिला दिसला तो फक्त वर उचललेला एक हात, पण तेवढ्यावर ती आयुष्यभर समाधानी होती. त्याच दौऱ्यात पोपनी इतर धर्मीयांसमोर बोलताना ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. मला त्याचं आजही फार अप्रूप वाटतं.

दौऱ्यात वापरायला त्यांना अमेरिकेतून एक पांढरी लिंकन भेट मिळाली होती. निघताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्यात बसल्या नाहीत. त्यांनी गाडीची सोडत काढली आणि आलेला पैसा शांतीनगरला लावला. शांतीनगर म्हणजे आसनसोलजवळची कुष्ठरुग्णांची वसाहत, सरकारने दिलेल्या ३४ एकर जमिनीवरची.

पण माझ्या मते गाडीपेक्षा मोठी भेट त्यानंतर दोनच महिन्यांनी आली, आणि ती होती एक कागद. तो का मोठा, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मदर तेरेसा मुळात लोरेटो संघाच्या सिस्टर, कलकत्त्यात शाळेत शिकवणाऱ्या. १९४६ मध्ये त्यांना वाटलं की आपण वस्तीत जाऊन राहावं. पण व्रतं घेतलेल्या सिस्टरला मठाबाहेर राहायचं तर तेव्हा रोमची, म्हणजे पोपच्या कार्यालयाची, परवानगी लागायची. आधी कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांनी त्यांना बराच काळ थांबवलं, मग अर्ज रोमला गेला. बारावे पायस पोप असताना, १९४८ मध्ये, परवानगी आली आणि ऑगस्टमध्ये त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या. ७ ऑक्टोबर १९५० ला मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली, पण ती कलकत्ता धर्मप्रांतापुरती. असा संघ तिथल्या बिशपांच्या अखत्यारीत असतो. पहिली नऊ वर्षं शहराबाहेर त्यांचं एकही घर नव्हतं, १९५९ मध्ये रांचीला पहिलं निघालं.

फेब्रुवारी १९६५ मध्ये सहाव्या पॉल यांनी संघाला थेट रोमच्या छत्राखाली घेतलं. तोच हा कागद. त्याच वर्षी जुलैत सिस्टर व्हेनेझुएलात कोकोरोते इथे पोचल्या, भारताबाहेरचं ते त्यांचं पहिलं घर. १९६८ मध्ये खुद्द रोममध्ये झोपडपट्टीत काम सुरू झालं, तेही पोपच्याच बोलावण्यावरून. तेव्हा नातं आशीर्वादापुरतं कसं म्हणायचं? पोपच्या सहीने सिस्टरांना नवे देश उघडतात आणि ती सही अडली तर वर्षानुवर्षं दार बंद राहतं. पेरिएंनी थांबवलेल्या त्या दिवसांबद्दल वाचताना माझा जीव अजून कासावीस होतो.

कॉलेजात असताना मी रविवारी भायखळ्याच्या आशादानला, म्हणजे याच सिस्टरांच्या मुंबईतल्या आश्रमात, जायचे. तिथे सिस्टर ओल्या चादरी दोघी दोघी मिळून पिळायच्या. मी एका टोकाला धरलं की पाचव्या चादरीला माझे हात भरून यायचे, समोरची सिस्टर मात्र तशीच पीळ देत राहायची. हे हातांनी करायचं काम मी जवळून पाहिलंय, म्हणून १९८६ च्या ३ फेब्रुवारीला पोप दुसरे जॉन पॉल कलकत्त्यात कालीघाटच्या निर्मल हृदयमध्ये, मरणासन्न लोकांसाठीच्या मदरच्या घरात, आले आणि त्यांनी आजाऱ्यांना स्वतःच्या हाताने भरवलं, ते मला नुसतं समारंभी वाटत नाही. मदरनी त्यांच्याकडे व्हॅटिकनच्या आवारातच बेघरांसाठी जागा मागितली होती. ती त्यांनी दिली. १९८८ च्या मे महिन्यात ‘दोनो दि मारिया’, म्हणजे ‘मारियेची भेट’, हे घर तिथे उघडलं, आणि आपल्या सिस्टर तिथे बेघरांना जेवू घालू लागल्या.