चादर झटकली, आता काय करू?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातल्या एका लहान खासगी दवाखान्यात नर्स आहे. चार दिवसांपूर्वी आखातातून सुटीवर आलेला एक तरुण ताप आणि अंगभर पुळ्या घेऊन आला. कांजिण्या असतील म्हणून त्याला सगळ्यांसोबत बाकावरच बसवलं. तो गेल्यावर खाटेवरची चादर मी झटकून काढली, हातमोजे नव्हते. आता मंकीपॉक्सचा संशय आहे असं कळलं. घरी दोन वर्षांचा मुलगा आहे. मी कामावर जाऊ का? पुन्हा असा पेशंट आला तर काय करायचं?

उत्तर : सिस्टर, त्याच्या तपासणीचं काय झालं ते आधी विचारा. फोडातल्या स्वॅबची पीसीआर निगेटिव्ह आली, तर हा घोर संपला. तोवर, चादर काढली त्या दिवसापासून २१ दिवस मोजा. रोज सकाळ-संध्याकाळ ताप वहीत लिहा. काही होत नसेल तर कामावर जाता येतं; मात्र लहान मुलं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले पेशंट सध्या दुसऱ्या कुणी बघावेत. रक्तदान नको. मुलालाही इतके दिवस आजीपाशी किंवा बाबांपाशी झोपू द्या. दोन वर्षांचं पोर कुशीत यायला रडेल, तुमचाही जीव तुटेल, तरी एवढं कराच. ताप, अंगावर पुळी किंवा अवधाण (सुजलेली गाठ), काहीही दिसलं की घरीच वेगळ्या खोलीत थांबा आणि आरोग्य केंद्राला फोन करा.

चादरीचं सांगते, कारण मी तीस वर्षं वॉर्डात हेच शिकवत आले. या विषाणूचा साठा फोडांत आणि खपल्यांत असतो. चादर झटकली की खपल्यांचा भुगा हवेत उडतो. ती कडांकडून आत गुंडाळायची, अंगापासून लांब धरायची, खाटेशेजारीच पिशवीत घालायची आणि साबण घालून गरम पाण्यात धुवायची. केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. खाट आणि बाक ब्लीचच्या पाण्याने पुसा.

पुढच्या वेळी पुळ्या दिसताच पेशंटला मास्क द्या, फोड कापडाने झाका, वेगळ्या खोलीत न्या आणि दार लावा. आत जाताना एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा गाऊन, हातमोजे, डोळे झाकणारा संरक्षक चष्मा. कांजिण्यांत एकाच जागी पुळी, पाण्याचा फोड आणि खपली अशा सगळ्या अवस्था दिसतात. एमपॉक्सचे (म्हणजे मंकीपॉक्सचेच) फोड टणक, खोल, मध्ये खळगी असलेले, बरेचदा तळहात-तळपायावरही. मानेत, काखेत, जांघेत अवधाण येतं. पण २०२२च्या साथीत कित्येकांना गुप्तांगाजवळ मोजकेच फोड होते. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका. आरोग्य खात्याच्या रोग सर्वेक्षण विभागाला त्याच दिवशी कळवा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवायचं झालं तर आधी फोन करा, म्हणजे त्याला तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही.

गेल्या २१ दिवसांत कुठे होता, कुणाच्या जवळ आला, हे त्याला एकट्यालाच, हळू आवाजात विचारा. एका दवाखान्यात बोटीवरून आलेल्या एका मुलाला गुप्तरोगाबद्दल बाकावरच्या लोकांदेखत मोठ्याने विचारलं होतं. तो उठून घरी गेला, आठ दिवसांनी परत आला तेव्हा त्याला चालवत नव्हतं. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निदान पक्कं झालं तर सगळ्या खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत रुग्ण वेगळाच राहतो, साधारण दोन ते चार आठवडे. त्याच्याकडे ठरलेल्याच माणसांनी जावं. दुखण्यावर औषध, भरपूर पाणी, फोडांत पू होतोय का यावर लक्ष. डोळा लाल झाला किंवा दुखला, तर तासभरही थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा.

आणि एक विचारते. त्या दिवशी तो बाक कुणी पुसला? दवाखान्यातल्या मावशींनीच ना? त्यांना हे कुणी सांगितलं आहे का? त्यांचं नाव संपर्कातल्या माणसांच्या यादीत घाला, त्यांनाही थर्मामीटर द्या आणि तो कसा बघायचा ते आजच शेजारी बसून दाखवा.