गुलमर्ग की औली हे नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : माझं वय 41, खासगी नोकरी. घरी पत्नी आणि 12 व 9 वर्षांच्या दोन मुली. नाताळच्या सुट्टीत सहा दिवस मुलींना स्कीइंग शिकवायला न्यायचं आहे. आम्ही चौघंही नवशिके. गुलमर्गचं पॅकेज 2 लाख 40 हजारांचं आहे, औलीचं 1 लाख 60 हजारांचं. कोणतं परवडेल? तशी पैशांची अडचण नाही. सहलीसाठी साडेचार लाखांची एफडी मोडायला बँकेत गेलो, तर तिथल्या मॅडमनी दरवर्षीच्या सहलीची कायमची सोय करून दिली. 8 वर्षं 2-2 लाख भरायचे, दहाव्या वर्षाअखेरपासून 20 वर्षं दरवर्षी 1 लाख 60 हजार मिळणार, म्हणजे 10 टक्के गॅरंटीड. पहिला हप्ता दिला, पॉलिसी 3 नोव्हेंबरला ई-मेलवर आली. अडीच लाख शिल्लक आहेत. खर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिना 75 हजार जातात, कर्ज 34 लाख बाकी आहे, एसआयपी 15 हजारांची. विमा ऑफिसचा आहेच.

उत्तर : स्कीइंग राहू द्या बाजूला. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. पूर्वी साधारण 15 दिवस मिळायचे, विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयनं 2024 मध्ये ते 30 केले. तुम्ही 2 डिसेंबर हीच शेवटची तारीख धरून चला. छापील प्रत कुरिअरनं उशिरा आली असेल तरी ई-मेलचीच तारीख धरा. अर्ज बँकेत मॅडमच्या टेबलावर ठेवून येऊ नका. थेट विमा कंपनीला ई-मेल करा, शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. ही मुदत गेली की सरेंडर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडणं, हाच मार्ग. त्याचे नियम अलीकडे सुधारलेत, पण सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा कमीच हाती येणार.

आता ते 10 टक्के. 16 लाख भरले, 1.6 लाख मिळतात, म्हणून 10 टक्के? व्याज म्हणजे मुद्दल शाबूत राहून वर जे मिळतं ते. इथे 20 वर्षांनी मुद्दल शून्य. 16 लाख भागिले 20 म्हणजे 80 हजार. दरवर्षी जे 1 लाख 60 हजार मिळणार, त्यातले निम्मे तर तुमचेच तुम्हाला परत. शिवाय पहिली दहा वर्षं काहीच नाही. सगळं जमेला धरलं तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. त्यावर कर नाही हे खरं. पण पीपीएफवरही कर नाही आणि तिथे सध्या 7.1 टक्के मिळतात. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच जातात, म्हणून फक्त तुलनेसाठी 7 टक्के धरा. तेच 2 लाख 8 वर्षं टाकले तर दहाव्या वर्षाअखेर सुमारे 25 लाख होतात. त्यावरचं नुसतं व्याज वर्षाला पावणेदोन लाख, आणि 25 लाख जागच्या जागी.

सहलीच्या बाजूनं बघितलं तर आणखी गंमत आहे. पहिले पैसे येतील तेव्हा मुली 22 आणि 19 वर्षांच्या असतील. त्या आई-बाबांबरोबर येतील का, हे त्यांनाच विचारा. महागाई 6 टक्के धरली तर आजची 1.6 लाखांची सहल तेव्हा पावणेतीन लाखांच्या पुढे गेलेली असेल. शेवटचे पैसे येतील तेव्हा तुम्ही सत्तरीचे असाल. ‘गॅरंटीड’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे गणित करणं थांबतं, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

पत्रात तुम्ही न विचारलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या पॉलिसीत विमा 20 लाखांचा असेल, हप्त्याच्या दहापट. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यातून कर्जसुद्धा फिटत नाही. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो. दीड कोटींची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला महिना तीनेक हजारांत बसावी. प्रकृती आणि तंबाखूचं खरं काय ते फॉर्मवर लिहा. परत आलेले 2 लाख पुन्हा एफडीत टाका, म्हणजे साडेचार लाख होतात. हा सहा महिन्यांचा खर्च आहे, सहलीचा निधी नव्हे. आज त्या अडीच लाखांतून गुलमर्गला गेलात तर परत याल तेव्हा खात्यात 10 हजार असतील.

आता बर्फ. औली स्वस्त दिसते, पण तिच्या पायथ्याचं जोशीमठ ऋषिकेशहून सुमारे 250 किलोमीटर, सगळा घाटरस्ता. विमानानं डेहराडूनला उतरलात तरी जायला दोन दिवस, यायला दोन. सहातले दोनच दिवस बर्फात. जोशीमठ खचू लागल्यावर जानेवारी 2023 पासून तिथून औलीला जाणारा रोपवेही बंद आहे. गुलमर्ग श्रीनगर विमानतळापासून दोन-अडीच तासांवर; बर्फ जास्त पडला तर टनमर्गहून वर साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, एवढंच. तिथे चार दिवस मिळतात. म्हणजे बर्फातला एक दिवस गुलमर्गला 60 हजारांना पडतो आणि औलीला 80 हजारांना. स्वस्त पॅकेज महाग पडलं ते असं.

तेव्हा गुलमर्ग, पण या नाताळात नाही. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे 40 दिवस, ‘चिल्लई कलां’, सुरू होतात 21 डिसेंबरला; चांगला थर साचतो तो जानेवारीत, आणि तोही दरवर्षी साचेलच असं नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, 2025 मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. नाताळात भाव सगळ्यात चढा आणि बर्फाची खात्री सगळ्यात कमी. फेब्रुवारीत जा; मुलींचे शाळेचे चार दिवस बुडाले तर बुडू द्या.

पॉलिसीच्या हप्त्यापायी महिना सुमारे 17 हजार अडकणार होते. त्यातले 3 हजार टर्मला, 14 हजार सहलीच्या रिकरिंगला. पुढचा सोडून त्यानंतरच्या फेब्रुवारीपर्यंत 2 लाख 10 हजार जमतात. उरलेल्या तीस हजारांतले बरेचसे नाताळ टाळूनच वाचतील; गंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, वरचा, अफरवटचा टप्पा नवशिक्यांच्या कामाचा नाही, त्याची तिकिटं पॅकेजमधून काढायला सांगा. एसआयपीला हात लावू नका. आगाऊ रक्कम देण्याआधी टूरवाल्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या : बर्फच नसेल तर किती पैसे परत, आणि त्यांच्या प्रवास विम्यात स्कीइंगमधली दुखापत धरलेली आहे का. बऱ्याच पॉलिसींत ती नसते.