रग्बीतील नॉक-ऑन आणि अमेरिकन फुटबॉलमधील फम्बल यांत नेमका फरक काय?

चेंडू हातून निसटणे ही दोन्ही खेळांत सारखीच चूक असताना रग्बीत पंच शिट्टी वाजवतात आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र सगळे त्या चेंडूवर तुटून पडतात, असे का, हा आपला प्रश्न आहे. मी यांपैकी एकही खेळ खेळलेलो नाही, परंतु रात्री जागून दोन्ही पाहत आलो आहे, आणि मला उमगलेले उत्तर असे की रग्बीचा पंच चेंडू कोणत्या दिशेला सुटला ते पाहतो, तर अमेरिकन फुटबॉलचा पंच तो केव्हा सुटला ते पाहतो.

रग्बीत चेंडू हाताने पुढे देण्यास मुळातच मनाई आहे. त्यामुळे हाताला लागून पुढे गेलेला चेंडू, तो पुन्हा पकडण्याआधी, जमिनीला किंवा दुसऱ्या खेळाडूला लागला तर नॉक-ऑन होतो. मागे पडला तर खेळ चालू राहतो. (प्रतिस्पर्ध्याची किक अडवताना हाताला लागलेला चेंडू याला अपवाद आहे.) शिट्टीही लगेच वाजतेच असे नाही. प्रतिस्पर्ध्यांना त्यातून फायदा मिळत असेल तर पंच वाट पाहतात, एरवी त्यांना स्क्रम (दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी केलेली रेटारेटी) देतात, आणि चेंडू मुद्दाम पुढे ढकललेला असेल तर थेट पेनल्टी देतात.

अमेरिकन फुटबॉलने १९०६ मध्ये पुढे पास देण्याची मुभा दिली, तेव्हा दिशेचा मुद्दा बराचसा मागे पडला. तिथे प्रतिस्पर्ध्याने पाडलेल्या खेळाडूचा गुडघा किंवा कोपर जमिनीला टेकण्यापूर्वी चेंडू सुटला तर तो फम्बल, आणि चेंडू ज्याला मिळेल त्याचा. टेकल्यानंतर सुटला तर ती खेळी आधीच संपलेली असते. पंच चित्रफीत मागेपुढे करून गुडघाच न्याहाळत बसतात तो यासाठी.

तरीही दिशेचा प्रश्न त्या खेळालाही चुकला नाही. १० सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोत चार्जर्स संघ २०-१४ असा पुढे होता आणि शेवटची १० सेकंदे उरली होती. प्रतिस्पर्धी रेडर्सचा क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) केन स्टेबलर पकडला जात असताना चेंडू त्याच्या हातून पुढे सुटला, सहकाऱ्यांनी तो ढकलत ढकलत एंड झोनपर्यंत (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यापर्यंत) नेला आणि डेव्ह कॅस्परने त्यावर अंग टाकून टचडाउन मिळवला. रेडर्स २१-२० असे जिंकले. आपण चेंडू मुद्दामच सोडला होता, हे स्टेबलरने पुढे कबूल केले. रग्बीत ही सरळ पेनल्टी ठरली असती. पुढच्याच वर्षी नियम बदलला: चौथ्या डाउनला (आक्रमणाच्या चार संधींपैकी शेवटच्या संधीला) किंवा अखेरच्या दोन मिनिटांत, आपल्या संघाचा सुटलेला चेंडू ज्याच्या हातून सुटला त्यालाच पुढे नेता येतो.

मला खटकतो तो वेगळा नियम. सुटलेला चेंडू पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमधून मैदानाबाहेर गेला तर तो प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. तोच चेंडू गोलरेषेच्या हातभर अलीकडे बाहेर गेला असता, तर जिथे सुटला तिथून पुन्हा त्याच संघाकडे राहिला असता.