पतसंस्था दहा टक्के देतेय, २२ लाख तिथे ठेवू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ६२, यजमान गेल्या वर्षी वारले, जुळे सोलापुरात त्यांच्या नावावरचं घर, वरच्या खोलीचं भाडं ४,५००, पेन्शन नाही, हातात २२ लाख, महिन्याचा खर्च १५,०००. पिग्मी गोळा करायला येणारा एजंट दहा टक्के सांगतोय आणि मुलगा घराच्या कागदावर सही मागतोय.

ताई, आधी दहा टक्क्यांचं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. नावात ‘मल्टिस्टेट’, ‘अर्बन’ किंवा ‘निधी’ असलं म्हणून फरक पडत नाही. एजंट दहा वर्षं दारात येतो, चहा घेतो, माणूस चांगलाच असतो. पण संस्थेने कर्जं कुणाला वाटलीत हे त्यालाही ठाऊक नसतं. फार तर दोन-पाच हजारांची पिग्मी चालू ठेवा, मोठी रक्कम नको. बँकेतही एक लक्षात ठेवा: ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून ती मर्यादा. नवी पेठेत एक आणि सात रस्त्याला एक असं खातं काढून विमा दुप्पट होत नाही. बँक वेगळी लागते.

आता मांडणी. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख. सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला २०,५०० रुपये, मुदत ५ वर्षं, आणि उघडताना असलेला दर शेवटपर्यंत तोच राहतो. पोस्टाच्याच मासिक उत्पन्न योजनेत ६ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,७००. म्हणजे दोन्ही मिळून महिन्याला सरासरी १०,५३३, त्यात भाड्याचे ४,५०० मिळवा: १५,०३३. तुमचा खर्च निघाला. भाडेकरू गेला तर मात्र तेवढ्याची तूट, म्हणून दीड लाख बचत खात्यात हात घालता येईल असे ठेवा. उरलेल्या साडेचार लाखांच्या दीड-दीड लाखाच्या तीन मुदत ठेवी करा: एक, दोन आणि तीन वर्षांच्या. यांचं व्याज काढू नका, मुद्दलातच जाऊ द्या. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर आजचे १५,००० बारा वर्षांनी ३०,००० होतात, आणि पोस्टाचं व्याज तेवढंच राहणार.

कुणी म्हणेल, सगळे १६ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेतच का नाहीत? सरासरी महिन्याला ४०० रुपये जास्त मिळतील, खरं आहे. पण ते पैसे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या तारखेलाच येतात. जानेवारीचे आले की पंधरवड्यात गड्डा यात्रा, पाहुणे, आणि मार्च उजाडेपर्यंत खातं कोरडं. तीन महिन्यांचे पैसे वाटून खर्चणं जमत असेल तरच तसं करा.

मधेच मोडलं तर काय होतं, हे उघडण्याआधी माहीत असावं. ज्येष्ठ नागरिक योजना वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज मुद्दलातून परत कापतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. मासिक योजना पहिल्या वर्षी मोडताच येत नाही. म्हणून तर वरचा दीड लाख. आणि व्याज येतं ते खातं तुमचं एकटीचं असू द्या. मुलाचं नाव ‘सोयीसाठी’ जोडलं की तो एकटाही पैसे काढू शकतो. त्याला नॉमिनी करा, तेवढं पुरतं. व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म दर एप्रिलला पोस्टात न विसरता द्या.

फॉर्म बहुतेक वेळा अडतो तो नावावर. आधारवर यजमानांचं नाव मधे, पॅनवर नाही, पासबुकात माहेरचं आडनाव. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर एकाच आडनावाची इंग्रजी अक्षरं तीन कागदांवर तीन तऱ्हेची. आधार आणि पॅन आधी एकसारखे करून घ्या, मगच पोस्टात जा. बोटांचे ठसे उमटत नसतील (विड्या वळलेल्या बायकांचे झिजलेले असतात) तर डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवता येते का ते विचारा. चेक न्या, एक लाखाच्या वरची रक्कम ज्येष्ठ नागरिक योजनेच्या खात्यात रोखीने भरता येत नाही.

आजारपणासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्याच रुग्णालयात आणि यादीतल्याच आजारांसाठी. दवाखाना यादीत आहे का, हे आजच विचारून ठेवा. अंगावरचं सोनं घाईने मोडू नका. अडीनडीला बँकेत तारण ठेवता येतं.

आता घर, आणि इथे मी तुम्हाला थांबवेन. यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, प्रत्येक मूल आणि सासूबाई हयात असतील तर त्या, सगळ्यांना सारखा वाटा आहे. मुलाने आणलेला कागद ‘हक्कसोडपत्र’ असेल तर सहीनंतर तुमचा वाटा गेला. ‘नाव लावायचंय, फक्त सही कर’ असं सांगून हाच कागद पुढे येतो. नुसती वारसनोंद करायची असेल तर त्यासाठी अर्ज पुरतो, हक्क सोडावा लागत नाही. वाटा मुलाला द्यायचाच असेल, तर बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच तो देऊन टाकण्याचा कागद, लगेच लागू होतं. मृत्युपत्र तुमच्या मागे, आणि हयातीत कितीदाही बदलता येतं. तरी बक्षीसच द्यायचं ठरलं, तर तुम्हाला सांभाळण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. अट लेखी असली आणि मुलाने पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते रद्द करून घेता येतं. कागद घरी ठेवून घ्या आणि मुलाने आणलेल्या नव्हे, तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा.